बुडवलेल्या जहाजावर स्कुबा: बडोद्यात बसून तयारी कशी करावी?

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, माहेर दांडिया बाजार, नोकरी मकरपुऱ्यात. लहानपणापासून लालबागच्या तरणतलावात पोहत आले, त्यामुळे पाण्याची भीती अशी कधी वाटली नाही. मध्यंतरी घरच्यांबरोबर मालवणला गेलो होतो, तेव्हा पर्यटकांसाठी असतं ते स्कुबा केलं. गाइडने मागून टाकी धरलेली, आपण खडकाला धरून राहायचं, मासे बघायचे, फोटो काढून घ्यायचा आणि वर यायचं. इतरांचं तेवढ्यात समाधान झालं, माझं झालं नाही. मला कोणी धरून न ठेवता, स्वतःच्या हिमतीवर खाली राहायचं आहे.

त्यातच आयएनएस गुलदारबद्दल वाचलं. नौदलातून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेलं हे जहाज सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ बुडवून तिथे कृत्रिम रीफ, म्हणजे समुद्री जीवांसाठी माणसाने केलेला आसरा, आणि पाण्याखालचं संग्रहालय करायची महाराष्ट्र सरकारची योजना आहे. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

विचारायचं ते असं. माझ्यासारखीने अशा जहाजावर उतरायचं तर आधी काय काय शिकावं लागतं? मालवणला केलं त्याचा काही उपयोग धरतात का? बडोद्यात राहून यातलं किती होऊ शकतं? घरी दोन आघाड्या आहेत. आई एकच विचारते, "आत अडकलीस तर?" आणि भावाचं म्हणणं, जुनं लोखंड समुद्रात टाकायचं आणि त्याला रीफ म्हणायचं, हा कचरा टाकण्याचाच प्रकार आहे. दोघांना नीट उत्तर द्यायला माझ्याकडे माहिती नाही. ज्यांनी प्रत्यक्ष असं डायव्हिंग केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

बॉयलरवाला

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून तिथूनच धरतो.

माझी सगळी नोकरी नंदेसरीकडच्या केमिकल कारखान्यांत, बॉयलर हाउसमध्ये गेली. वार्षिक तपासणीला बॉयलर थंड करून उघडला की ड्रममध्ये माणूस उतरवावा लागतो. मॅनहोल जेमतेम खांदे जातील एवढं. माणूस आत जाण्याआधी परमिट भरायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या लाइनींना ब्लाइंड मारायचे, म्हणजे त्या पत्र्याने बंद करायच्या, आतली हवा मीटरने तपासायची, दिवा चोवीस व्होल्टचाच द्यायचा, आणि मॅनहोलच्या तोंडाशी एक माणूस नुसता आतल्यावर लक्ष ठेवायला उभा करायचा. त्या माणसाला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही, चहालाही सोडायचं नाही. बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरणं मला पहिल्यापासून तसंच वाटत आलंय. तिथेही आत जाणं सोपं असतं, बाहेर येण्याची तजवीज आधी करावी लागते.

उघड्या समुद्रात काही बिघडलं तर डोक्यावर पाणी असतं आणि पाण्यावर हवा. हळूहळू, श्वास सोडत वर येता येतं. जहाजाच्या आत डोक्यावर पोलाद असतं. आधी आडवं पोहून दार गाठायचं, मग वर. आता यात गाळ आणा. बंद खोल्यांत पिठासारखा बारीक गाळ साठतो. पायातली एक फिन चुकीची हलली की तो असा उठतो की हातातला टॉर्च दिसत नाही, दार तर सोडाच. शिवाय आपल्या श्वासाचे बुडबुडे छताला जाऊन आदळतात आणि वरून गंजाचे पोपडे पडायला लागतात. म्हणजे तुम्ही अगदी जपून पोहत असाल तरी नुसत्या श्वासाने पाणी गढूळ होतं. फ्लोरिडात की लार्गोजवळ स्पीगेल ग्रोव्ह नावाचं अमेरिकी नौदलाचं जहाज मुद्दाम रीफसाठी बुडवलंय. २००७ मध्ये तिथे चार जणांच्या गटातले तिघे आत अडकून दगावले. त्यांना पोहता येत होतं, डायव्हिंगही येत होतं.

म्हणून आईंना सांगा: सुरुवातीच्या डायव्हर्सनी आत जायचंच नसतं. आणि हे सांगताना त्यांना बरं वाटावं म्हणून सांगतोय असं नाही. जगभर हाच नियम आहे. जहाजाची खरी मजा बाहेरूनच आहे, हेही मी मनापासून सांगतो. आत जे दिसतं त्याच्या कितीतरी पट जास्त जीव जहाजाच्या बाहेरच्या अंगावर असतात.

माझा मुलगा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असतो. त्याच्याकडे राहायला गेलो की मुलूलाबाहून बोटीने एक्स-एचएमएएस ब्रिस्बेनवर जातो. १३३ मीटर लांबीची विनाशिका. व्हिएतनाम युद्धात होती, १९९१ च्या आखाती युद्धातही होती. २००१ मध्ये निवृत्त झाली आणि ३१ जुलै २००५ ला स्फोट करून बुडवली. तळ सत्तावीस-अठ्ठावीस मीटरवर, आणि जहाज सरळ उभं बसल्यामुळे वरचे भाग बरेच उथळ पाण्यात. त्यामुळे नवा माणूस आणि मुरलेला माणूस एकाच बोटीतून जाऊन आपापल्या खोलीवर फिरू शकतात. मी बॉयलरचा माणूस, त्यामुळे मला तिचं वेड लागलं त्याचं कारण वेगळं होतं. ती वाफेवर चालणारी. चार बॉयलर, आणि दाब १,२०० पीएसआय! आपल्या कारखान्यातले पॅकेज बॉयलर साडेदहा किंवा साडेसतरा केजीवर (चौरस सेंटीमीटरला तेवढे किलो दाब) चालतात, त्या हिशेबात हा चौऱ्याऐंशीच्या आसपास येतो. एवढ्या दाबाची वाफ समुद्रात, लाटांवर हेलकावे खात सांभाळणाऱ्या माणसांबद्दल मला अतिशय आदर आहे.

बुडवण्याआधी तिच्या कुशीत गॅस कटरने मोठाली भोकं पाडली आहेत, प्रकाश आत यावा आणि डायव्हरला बाहेरची वाट सतत दिसावी म्हणून. अशाच एका भोकापाशी मी तरंगत थांबलो होतो. गॅस कटिंगची धार कशी असते ते मला पाठ आहे, बारीक बारीक लाटांसारख्या रेघा असतात. इथे त्या रेघा शोधूनही सापडेनात. सगळी कड शिंपल्यांनी आणि बार्नॅकल्सनी (कवच असलेले चिकटून बसणारे जीव) भरलेली, त्यावर केशरी स्पंज, स्पंजच्या मधून गवतासारखे हायड्रॉइड्स नावाचे जीव. हायड्रॉइड्सना हात लावू नका, चावतात. शेजारी पाइपजोडाच्या एका फ्लँजच्या रिकाम्या बोल्टहोलमध्ये करंगळीएवढी ब्लेनी मासोळी बसलेली, फक्त डोकं बाहेर. टॉर्च जवळ नेला की आत, बाजूला केला की पुन्हा बाहेर. गाइडने पुढे चलायची खूण केली तरी मी तिथेच. तो फ्लँज मी नोकरीत हजारदा आवळला असता, त्याच मापाचा. आत टॉर्च मारला तर काचेसारख्या पारदर्शक लहान माशांचा थवा, इतका दाट की मागचं काहीच दिसेना. थवा दुभंगला आणि बॉयलरचा पुढचा भाग एक क्षण दिसला. मी आत गेलो नाही. त्या दिवशीचा आमचा प्लॅन बाहेरचा होता, आणि प्लॅन पाण्यात बदलायचा नसतो.

आता हवेचा हिशेब, कारण नवीन लोकांना तोच माहीत नसतो. नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी साधारण अकरा लिटरची, भरलेली २०० बारला. म्हणजे अंदाजे २,२०० लिटर हवा. पृष्ठभागावर शांतपणे श्वास घेणारा माणूस मिनिटाला वीसेक लिटर घेतो असं धरू. दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे वीस मीटरवर तिप्पट दाब, आणि तीच छातीभर हवा घ्यायला टाकीतून तिप्पट हवा लागते. मिनिटाला साठ लिटर. वर येताना ५० बार शिल्लक हवेतच. उरले दीडशे बार, १,६५० लिटर, भागिले साठ: सत्तावीस मिनिटं. घाबरून धापा टाकणाऱ्याची निम्म्यात संपतात. आत शिरणारे प्रशिक्षित लोक तर तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला आणि तिसरा अडचणीला असं वाटून घेतात आणि परतीची वाट सापडावी म्हणून दारापासून रीलची दोरी सोडत जातात.

मालवणला तुम्ही केलंत त्याचा सर्टिफिकेटसाठी उपयोग नाही, पण पाण्याखाली श्वास घेताना तुम्ही घाबरला नाहीत हे कळलं, तेही कमी नाही. पहिली पायरी ओपन वॉटर कोर्स. थिअरी ऑनलाइन होते, ती बडोद्यात घरी बसून करा. दाब, आकारमान, नायट्रोजन, सगळं अकरावी-बारावीचं फिजिक्स आहे. मग तलावात किंवा उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. दोनशे मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं एवढी परीक्षा असते, लालबागला तुम्ही ती उद्या द्याल. हा कोर्स झाला की १८ मीटरपर्यंत जायची मुभा. त्यापुढे अॅडव्हान्स्ड, त्यात ३० मीटरपर्यंत. त्यातच रेक डाइव्ह, म्हणजे बुडालेल्या जहाजावरची, निवडता येते, आणि रेकचा वेगळा स्पेशालिटी कोर्सही आहे. तोही आत जाण्याची परवानगी देतो ती दिवसाचा उजेड जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतच. कोकणात तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची, म्हणजे एमटीडीसीची, स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे, तिथे चौकशी करा.

पण सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा ते ऐका. बॉयन्सी. पाण्यात ना वर ना खाली, आहे तिथेच राहता येणं, फक्त श्वासावर. श्वास भरला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली. जहाजाच्या अंगावर सगळीकडे पत्र्याच्या गंजलेल्या कडा, शिंपल्यांच्या धारा, अडकलेले गळ. ज्याला तरंगत थांबता येत नाही तो हात टेकतो, आणि मग एक तर हात कापतो किंवा वीस वर्षं वाढलेला स्पंज तुटतो. तुमचं पोहणं उत्तम असेल, पण पोहणाऱ्यांना हात मारायची सवय असते. ती सोडायला वेळ लागतो. हात छातीशी, पाय बेडकासारखे, सावकाश. पुढच्या वेळी लालबागला गेलात की तळाशी जाऊन हात न हलवता किती वेळ एका जागी राहता येतं ते बघायला लागा. पण श्वास रोखायच्या स्पर्धा करू नका, आणि काठावर कोणीतरी असू द्या.

परतीचं एक. डाइव्ह केल्यावर लगेच विमान नाही. एकच डाइव्ह असेल तर १२ तास, जास्त डाइव्ह केल्या तर निदान १८ तास थांबायचं. अंगात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. घाट चढून कोल्हापूरकडे जातानाही उंची वाढते, म्हणून तसा बेत असेल तर इन्स्ट्रक्टरला आधी सांगा. आपल्या बडोदेकरांचं बरं आहे, कोकण रेल्वेने किनाऱ्याकिनाऱ्याने थेट घरी. मी सगळ्यांना गाडीच सुचवतो.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा जहाजतोडीच्या अलंगशी धंदा असलेले अलंगवाले चांगलं देतील.

अलंग_ते_अलकापुरी

बोलावलंत म्हणून लिहितो. वडिलांपासून आमचा धंदा अलंगच्या जहाजांतून निघालेल्या पंप-व्हॉल्व्हचा. राहतो बडोद्यात, पण अर्धा जन्म भावनगर रस्त्यावर गेला.

ताई, तुमचा भाऊ चुकीचं बोलत नाही. जहाज जसंच्या तसं बुडवलं तर तो कचराच आहे, आणि विषारी कचरा. जुन्या जहाजात काय काय असतं ते आम्ही रोज बघतो. टाक्यांत तेल आणि तेलाचा गाळ, पाइपांवर आणि इंजिनरूममध्ये ॲस्बेस्टॉस, केबलच्या जुन्या इन्सुलेशनमध्ये पीसीबी ही विषारी रसायनं, उपकरणांत पारा, रंगात शिसं. हे सगळं काढल्याशिवाय बुडवणं म्हणजे समुद्रावर अन्याय. अमेरिकेने २००६ च्या १७ मे रोजी पेन्साकोलाजवळ ओरिस्कनी ही विमानवाहू नौका रीफसाठी बुडवली. सुमारे २७० मीटरची बोट, ३७ मिनिटांत खाली गेली. पण तिच्या केबलमधल्या पीसीबीचं काय करायचं यावर आधी केवढा काथ्याकूट झाला. सगळं काढता आलं नाही आणि काही राहू देण्याची खास परवानगी घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियात एचएमएएस अॅडलेड बुडवायच्या वेळी किनाऱ्यावरची माणसं दाद मागायला गेली. निकाल असा लागला की बुडवा, पण आधी उरलेलं वायरिंग आणि सुटणारा रंग काढा. तेवढं करून मग २०११ च्या एप्रिलमध्ये बुडवली. त्या दिवशीही जवळ डॉल्फिन आले म्हणून स्फोट लांबवला होता. मला त्या लोकांचं कौतुक वाटतं. विरोध केला म्हणून काम चांगलं झालं.

आणि रीफच्या नावाखाली खरोखर कचरा टाकल्याचंही उदाहरण आहे. फ्लोरिडात ओसबोर्न रीफ म्हणून सत्तरच्या दशकात सुमारे वीस लाख टायर समुद्रात टाकले. बांधलेल्या पट्ट्या गंजल्या, तुटल्या, टायर सुटे झाले आणि वादळात शेजारच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आपटायला लागले. टायरवर काही धड वाढलंच नाही. नंतर पाणबुडे लावून काढत बसले. पोलादाचं तसं नाही, जड असतं, जागेवर राहतं, आणि त्यावर जीव पकड घेतात. तरी वादळ काय करेल सांगता येत नाही. वर काकांनी लिहिलेलं स्पीगेल ग्रोव्ह २००२ मध्ये बुडवताना वेळेआधीच उलटं झालं, नाळ पाण्याबाहेर. पुढे ते कुशीवर नेऊन बुडवलं, आणि २००५ मध्ये डेनिस चक्रीवादळाने तेच जहाज पाण्याखाली सरळ उभं केलं!

एक आठवण लिहितो, निवतीचं नाव आलं म्हणून. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विराट ही विमानवाहू नौका निवतीजवळ संग्रहालय म्हणून ठेवायला मंजुरी दिली होती. ते झालं नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये विराट अलंगला आली. भरतीच्या वेळी वाळूवर चढवली त्या दिवसांत बडोदा, अहमदाबाद, सुरत, कुठून कुठून माणसं बघायला आली होती. निवृत्त नौसैनिक लांबून सलाम करत उभे राहिलेले मी पाहिलेत. मग गॅस कटर लागले. आमचा धंदाच तो, त्यात गैर काही नाही, त्या पोलादाच्या सळया होतात आणि घरं उभी राहतात. पण त्याच निवतीच्या पाण्यात आता निदान गुलदार तरी अखंड राहणार असेल, तर मला त्याचा फार आनंद आहे. भावाला म्हणावं, विचारायचं ते हे विचार: साफ कुणी केलं, तपासलं कुणी, आणि नंतर दरवर्षी तिथल्या पाण्याची तपासणी कोण करणार? हे तीन प्रश्न विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

बॉयलरवाला

अलंगवाले, फार चांगलं लिहिलंत. त्यात थोडी भर. गुलदार ही लँडिंग शिप, पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ ला नौदलात आली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवायचं काम. म्हणून नाळेला उघडणारे दरवाजे आणि आत रणगाडे ठेवायचा लांबलचक मोकळा डेक. खोल्याखोल्यांचं जाळं असलेल्या जहाजापेक्षा असा एक मोठा मोकळा हॉल डायव्हरसाठी नक्कीच बरा, दोन्ही टोकांनी उजेड येईल अशी सोय केली तर.

रीफ कशी होते तेही भावाला सांगा. पहिल्या काही दिवसांत पोलादावर जिवाणूंचा बुळबुळीत थर येतो. त्यावर शेवाळ, मग बार्नॅकल, नळ्यांत राहणारे किडे, शिंपले. स्पंज आणि मऊ प्रवाळ त्यानंतर, सावकाश. मासे मात्र कशाचीच वाट बघत नाहीत, सावली आणि आडोसा मिळाला की लगेच हजर. इथेच शास्त्रज्ञांचा जुना वाद आहे, की नवे मासे तयार होतात की आजूबाजूचेच येऊन गोळा होतात. दोन्ही होत असावं. पण नुसते गोळा झाले आणि तिथेच त्यांची मासेमारी झाली तर नुकसानच. म्हणून अशा जागी मासेमारीला बंदी किंवा मर्यादा हवी, हे माझं ठाम मत आहे.

देवबागची_लेक

मी कारेलीबागेत राहते पण माहेर देवबागचं, तारकर्लीच्या पुढचं टोक. भाऊ होडीवर असतो. काका, तुमचं मासेमारी बंदीचं वाक्य वाचून थांबले.

निवतीच्या बाजूचे मच्छीमार आपल्या जाळ्यांवर जगतात. आमच्याकडे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, आहेत, छोट्या होड्यांचे पातवाले आहेत. ट्रॉलरने किनाऱ्याजवळचा तळ खरवडला त्याचा त्रास ह्याच लोकांनी सोसला. जहाज खाली बसलं की ट्रॉलरचं जाळं तिथे फिरणार नाही, फाटेल. हा लहान होडीवाल्यांना फायदाच आहे, आणि भाऊ तसंच म्हणतो. पण बंदी घालायची तर आधी त्यांना बोलवून, त्यांच्याबरोबर बसून. डायव्हिंगच्या होड्या त्यांच्याच पोरांना मिळाल्या पाहिजेत. ही पोरं भरती-ओहोटी आणि करंट अंगाने ओळखतात. मालवणात समुद्री अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं तेव्हापासून लोकांच्या मनात एक भीती आहे की समुद्र आपल्या हातून जाणार. ती समजून घ्या.

ताई, आता तुमच्यासाठी. पावसाळ्यात सगळं बंद असतं, जूनपासून. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात, पण कर्ली नदीचं लाल पाणी खाडीतून येतच असतं, लगेच डायव्हिंगला येऊ नका. पाणी निवळायला वेळ लागतो. थंडीचे महिने उत्तम. ज्या दिवशी उधाणाची भरती-ओहोटी मोठी त्या दिवशी पाणी ढवळलेलं, म्हणून अमावास्या-पौर्णिमा टाळून तारखा घ्या. आणि मनात आधीच धरून या, की कोकणातलं पाणी अंदमानसारखं काचेसारखं नसतं. चार-पाच मीटर दिसलं तर चांगला दिवस. एवढं मोठं जहाज तुम्हाला एका नजरेत कधीच दिसणार नाही, तुकड्यातुकड्यांत दिसेल. तेही सुंदर असतं. पण अशा पाण्यात जोडीदार हाताच्या अंतरावर पाहिजे, हे माझ्या भावाचं पहिलं वाक्य असतं.

बॉयलरवाला

देवबागच्या ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मच्छीमारांना विचारून, त्यांच्या संमतीने. आणि जाळ्यांचं निघालंच आहे तर: बुडालेल्या जहाजांवर तुटलेली जाळी आणि नायलॉनच्या दोऱ्या अडकून राहतात आणि गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत. म्हणून जहाजावर जाताना लहान कटर जवळ ठेवायचा, आणि तो दोन्ही हात पोचतील अशा जागी, छातीवर. पोटरीला बांधलेला सुरा सिनेमात शोभतो, पण अडकल्यावर तिथे हात पोचत नाही.

सुरसागरकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. बॉयलरकाकांचं उत्तर आईला वाचून दाखवलं. मॅनहोलपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचं ऐकून तिने विचारलं, "मग पाण्यात तो कोण असतो?" भाऊ अलंगकाकांचे तीन प्रश्न लिहून घेऊन बसलाय, माहितीचा अधिकार वगैरे बोलतोय.

अजून दोन शंका. मला चष्मा आहे, मायनस तीन. आणि हिवाळ्यात सायनसचा त्रास होतो, विमान उतरताना कधीकधी कान दुखतो. यामुळे कोर्सच करता येणार नाही का?

बॉयलरवाला

आईंना सांगा, तो माणूस म्हणजे बडी. पाण्यात एकटं जायचंच नाही. उतरण्याआधी एकमेकांची टाकी, व्हॉल्व्ह, बेल्ट, दुसरा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) हात लावून तपासायचा, आणि पूर्ण वेळ एकमेकांवर लक्ष. तुमची हवा संपली तर त्याच्या टाकीवरच्या जादा रेग्युलेटरने श्वास घेत दोघांनी वर यायचं. ओपन वॉटरमध्ये हे पुन्हा पुन्हा करून घेतात. बडी अनोळखी असेल तर बोटीवर त्याच्याशी दहा मिनिटं बोला, त्याने कितपत डायव्हिंग केलंय ते विचारा, संकोच करू नका.

चष्म्याचा प्रश्नच नाही. मास्कला नंबरच्या काचा बसवून मिळतात, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. पाण्यात वस्तू तशाही जवळ आणि मोठ्या दिसतात.

कानाचं मात्र गांभीर्याने घ्या. खाली जाताना सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो, कारण तेवढ्यात दाब दुप्पट होतो. दर मीटरला, कान दुखायच्या आधी, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारून कान मोकळे करायचे. झाले नाहीत तर थोडं वर येऊन पुन्हा. जोर करायचा नाही, पडदा फाटू शकतो. सर्दी असताना औषध घेऊन उतरायचं नाही, कारण औषधाचा असर खाली असतानाच संपला तर वर येताना हवा सायनसमध्ये अडकते. कोर्सला बसताना एक मेडिकल फॉर्म भरतात. सायनस, दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, शस्त्रक्रिया, सगळं विचारतात, आणि कुठेही 'हो' आलं की डॉक्टरची सही लागते. काही लोक सोपं पडावं म्हणून सगळीकडे 'नाही' लिहितात. तसं करू नका. बडोद्यात चांगले ईएनटी आहेत. त्यांना स्पष्ट सांगा की डायव्हिंग करायचंय, आणि कान मोकळे करून दाखवायला सांगा, त्यांना तपासताना पडदा हललेला दिसतो. हे हिवाळ्याच्या आत करून घ्या, कोर्सचे पैसे त्यानंतर भरा. बऱ्याच जणांना नुसती कान मोकळे करायची नीट पद्धत शिकवली की त्रास जातो.

देवबागची_लेक

आणि कुडाळला उतरलात की आधी कळवा. भावाच्या होडीवर कोर्स होत नाही, पण निवतीची बाजू पाण्यावरून दाखवेल तो तुम्हाला. आईंनाही घेऊन या.